आठ टक्के

दुकानात पुढे खिळे, रंगाचे डबे, मेंढ्यांचं औषध.
मागच्या खोलीत बिअर, पीटचा ओला धूर
आणि मंगळवारची बैठक:
दोन फिडल, एक बासरी,
मर्टी कनेनच्या मांडीवर कॉन्सर्टिना,
पोत्यातून काढलेल्या मांजरासारखी अंग चोरून.

त्याने एक जिग धरली.
मी टेबलाखाली फोन धरला.
बारा सेकंद पुरतात त्याला.
बारा सेकंद तो नुसता ऐकतो.
आमच्या गावात इतकं कुणी कुणाचं ऐकत नाही.

मग नावं आली, एकाखाली एक.
ब्रायडीची लंगडी शेळी.
पुलाखालचा न्हावी.
तिसरं आयरिशमध्ये, मला न लागणारं.
कुठल्याशा वहीचं कुठलंसं पान.
जुळणी: ब्याण्णव टक्के.

मर्टीने चष्मा शोधला,
खिशात, डोक्यावर, शेवटी माझाच लावला.
"ही नावं दिलीत,
की नावं ठेवलीत?" म्हणाला.
"आमच्यात ही थेडीची चाल.
थेडी म्हणजे माझे वडील."

आणि दुसरा भाग पुन्हा वाजवला, सावकाश,
मला कळावं म्हणून.
चाल जिना चढते तिथे
एक पायरी गाळून तो वर गेला.

"बाबांच्या पेटीचं ते बटण
भाता ओढताना मुकं व्हायचं.
एका हिवाळ्यात समुद्र घरात आला होता, तेव्हापासून.
लिमरिकला न्यायची होती दुरुस्तीला.
आधी गाय घेतली.
मग छप्पर.
मग मी शिकलो, तशीच.
माझ्या पेटीत आहे तो सूर.
बोटाला ठाऊक नाही."

फोन अजून विचारत होता:
हीच का तुमची चाल? हो. नाही.
तिसरं बटण त्याच्याकडे नव्हतं.
मी त्याला पालथा घातला, ग्लासाच्या ओल्या गोलावर.

पुढच्या फेरीला डब्लिनहून आलेल्या क्लोडाने
नेमकी त्याच जागी फुंकर घातली.
वहीतल्यासारखी. स्वच्छ.
तिचे कान लाल झाले.

मर्टी भाता न थांबवता म्हणाला,
"चालेल.
चालच आहे ती."

मग पुढे दारावरची घंटा वाजली.
एवढ्या रात्री कुणाला तरी
दोन इंची खिळे हवे होते, पाव किलो.