डावा हात

कुळ्याच्या रेल्वे इन्स्टिट्यूटात एक पियानो होता,
इंग्रज साहेबाच्या बायकोनं जाताना टाकून दिलेला.
पावसाळ्यात त्याच्या उजव्या अंगाच्या पट्ट्या फुगत,
दाबल्या की वर येत नसत.
श्रावणात तर शेवटच्या अकरा साफ मुक्या.
म्हणून एलेउतेरियू मिनेझिस डाव्या हातानं बोलायचा.

लहानपणी पाद्रीनं शिकवलेलं वेगळं:
उजवा गातो, डावा मागून चालतो
मिरवणुकीत मेणबत्ती धरलेल्या पोरासारखा.
ते मुरगावच्या धक्क्यावर मोडलं.
मालवाहू बोटीवरचा आचारी, विल्बर्न, टेक्ससचा;
त्याचा बाप पाइनच्या रानात लाकूड तोडायचा.
ओंडके न्यायला रूळ, रुळांलगत छपरी,
छपरीत दारू आणि एक पियानो.
गाडी गेली की भिंती हलत.
वाजवणारा मग गाडीच हातात घ्यायचा,
डाव्या.
"पहिला कोण ते विचारू नकोस," विल्बर्न म्हणालेला,
"नावं मजुरीच्या वहीत होती. वही मुकादमानं नेली."

मी शेडात कोळसा ओढायचो.
बाप देवळात तबला वाजवी, म्हणून डग्गा कळायचा.
"बारा घरं," एलेउतेरियू म्हणाला.
"म्हणजे एकताल."
"न्हय रे. दर घरात चार माणसं,
आणि दर माणसामागं त्याची सावली."
मी अंगठ्यानं पेरं मोजली. चार बोटं, बारा पेरं,
सगळी काजळीची.
सावल्या ठेवायला हात पुरेना.

एका रात्री रिकाम्या वाघिणी घाट चढायला निघाल्या,
मागून ढकलायला दुसरं इंजिन.
ती सुटायच्या आधीच त्याचा हात चढू लागला होता,
तीच सात-आठ पावलं, पुन्हा तीच,
चढ आला की जड, वळणावर किंचित तिरपी.
बाकाखालचं कुत्रं उठून बाहेर गेलं.
मला वाटलं, आता उजवा येईल,
काहीतरी सांगेल.
उजवा खिशात होता.
खिशात कराचीचं पत्र,
महिना झाला, फोडलेलं नव्हतं.

गाडी दूधसागराकडे विरली, मग नुसताच पाऊस.
तो थांबला.
तेवढ्यात एक फुगलेली पट्टी
कुणी हात न लावता
टक् करून वर आली.
आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं.
त्यानं हात खिशातून काढला नाही.