तिसऱ्या फाटकापाशी

मंगळवारी मी एलिनेदच्या पायाची जखम धुते.
नडगीवरची, आठ महिन्यांची, हट्टी.
पॉविसच्या या डोंगरात तिचं घर शेवटचं.
पुढे गवत, मेंढ्या, आणि परत गवत.

पट्टी सोडताना ती मोजते,
दुखणं दातांखाली धरून, तिच्या वेल्शमध्ये:
ईन, दाई, त्री, पेद्वर, पिम्प...
दहापर्यंत पोचायच्या आत माझं काम व्हायला हवं,
असा आमचा करार.

आज म्हणाली, "पाय नंतर. आधी हे."
आणि पिठाच्या डब्यामागून फोन काढला.
अंड्यांच्या पैशांतून घेतलेला,
तिच्या नावाचा.
अडुसष्ट वर्षांत नावावर झालेली पहिली वस्तू.
"कुत्रा सोडून," ती म्हणाली. "कुत्रा माझाच."

तपकिरी मेंढ्यांची लोकर ती स्वतः कातते, रंगवते.
आता विकायचीही स्वतःच,
म्हणून बँकेत खातं हवं होतं, एकटीचं.
नातवाच्या जुन्या लॅपटॉपवर सगळे रकाने भरून झाले होते.
उरला होता बँकेचा कोड. सहा आकडे.
फोनवर येणार, दहा मिनिटं जगणार.
आणि या हातभर जाडीच्या दगडी भिंतींत
सिग्नल कधी शिरलाच नाही.
तो मिळतो वर, तिसऱ्या फाटकापाशी,
आणि हा पाय काही तिसऱ्या फाटकापर्यंत जात नाही.

इदवाल म्हणाला होता,
"कशाला आटापिटा? माझ्या खात्यात राहू दे की."
इदवाल वाईट माणूस नाही.
फक्त चव्वेचाळीस वर्षं
घरातली पाकिटं तोच फोडत आलाय.

मग मीच निघाले, नर्सच्या गणवेशात,
खिशात हातमोजे, हातात तिचा फोन, बुटांना चिखल.
पहिलं फाटक. दुसरं. धाप.
तिसऱ्यापाशी फोन हवेत धरून उभी राहिले
आणि उगाच रिसोडचं घर आठवलं.
फोन बाबांच्या शर्टाच्या खिशात असायचा,
शर्ट खुंटीवर असेल तेव्हाच आईचा.
एक रिंग: पोचले.
दोन: पैसे मिळाले.
तीन वाजल्या तर ते अंघोळीला गेलेत, लगेच कर, बोलू.
आमच्या आईचं अर्धं आयुष्य
न उचललेल्या फोनांत मावलं.

टिंग.

खाली दारात एलिनेद, पाय स्टुलावर, मांडीवर लॅपटॉप.
मी ओरडले इंग्रजीत.
वाऱ्यानं फाइव्हचं नाइन केलं, नाइनचं काहीच नाही.
बोटं दाखवली. तिनं चष्मा पुसला, मान हलवली.
दोन मिनिटं गेली. चार.
मग मला येतं तेवढं वेल्श,
तिच्या दुखण्यातून शिकलेलं,
पोटातून काढलं:
साइथ!
पिम्प!
पिम्प!
नाउ!
दाई!
उइथ!
मेंढ्यांनी माना वर केल्या.
खाली तिचं एक बोट, अगदी सावकाश,
एकेक आकडा दाबत होतं.

मी उतरून आले तेव्हा पडद्यावर होतं
तिचं नाव, लग्नाआधीच्या आडनावासकट,
आणि खाली शून्य पौंड, शून्य पेन्स.
ती त्या शून्याकडे
भाकरी फुगते का बघावं तशी बघत होती.

इदवाल आत आला, टोपी झटकत.
"वर कोण बोंबलत होतं?"
"नर्स," ती म्हणाली. "मेंढ्या मोजत होती."
"किती भरल्या?"
"पुरेशा."

त्यानं केटल ठेवली.
मी गरम पाणी घेतलं, पट्टी भिजवली, कडेनं सोडवू लागले.
ईन, दाई, त्री, पेद्वर...
पिम्पला ती अडली,
पुन्हा म्हणाली, पिम्प,
आणि इतकी हसायला लागली
की पट्टी कधी निघाली
आम्हा दोघींनाही कळलं नाही.