दुरुस्ती

आधीची तीन गेली, चौथं तरी जगावं
म्हणून पणजीनं त्याला उकिरड्यावर ठेवलं,
शेजारणीनं सुपात उचललं,
आणि पायलीभर धान देऊन पणजीनं
आपलंच पोर विकत घेतलं.
म्हणून नाव उरकुडा.
यमानं वाचलं तरी तोंड फिरवावं असं.

फौजेतल्या बाबूनं ते इंग्रजीत कसंतरी कोंबलं
आणि मी अकरा महिने भलत्याच माणसांना शोधत राहिले:
अर्जुडा. अकुरा.
एकदा तर ओरखडा.

घरात आजोबांचं म्हणून उरलेलं:
पत्र्याची एक पेटी, एक घोंगडी,
आणि बासष्टच्या डिसेंबरातलं कात्रण,
घड्यांवर फाटून चार तुकडे झालेलं.
‘तालुक्यातील जवान आघाडीवरून पळाला.’
खाली नाव मात्र बरोबर.
नेमकं तिथंच बरोबर.

सात महिन्यांनी ते आले,
मोहफुलं वेचून संपली होती.
लाखनीहून पायी.
आखरावर गायकी भेटला, म्हणाला,
‘काहून गा उरकुड्या, परून आला का चालून?’
गाव हसलं.
त्या वर्षी मंडईच्या दंडारीत एक सोंग निघालं,
उलटी बंदूक धरून धावणारं.
आजोबा पुढेच बसून बघत होते म्हणे.
शेवटी उठून त्यांनी सोंगाड्याला
चार आणे बक्षीस दिलं.

मग शाळेत घंटा वाजवली, एकतीस वर्षं.
भर वैशाखातही पायात कॅनव्हासचे बूट.
रोवणीला चिखलात उतरायचे नाहीत.
‘फौजेनं माजला,’ लोक म्हणायचे.
डाव्या पायाला बोटं दोनच होती
हे आजीला ठाऊक होतं, आणि बुटाला.

नंबर सापडला पेटीच्या झाकणात,
खिळ्यानं कोरलेला, गंजाखाली.
भंडाऱ्याच्या सैनिक कार्यालयातल्या बाईंनी
तो स्वतःच्या हातानं अर्जावर लिहिला
आणि दीड महिन्यानं एक कागद आला:
युद्धकैदी. हिमदंश. परत, मे त्रेसष्ट.
हुद्दा: लांगरी.

लांगरी.
आजोबा स्वयंपाकी होते.
आणि घरी त्यांनी कधी चहासुद्धा केला नव्हता.

तुकडीतला एक म्हातारा अजून आहे, वाशीमकडे.
कानाशी ओरडून विचारावं लागलं.
बराच वेळ तो गोठ्याकडे बघत राहिला.
‘माघारीचा हुकूम आला रात्री.
आमी निंगालो.
लंगरात सांगाचं राहून गेलं.
तो चाय उकयत बसला असन आमच्यासाठी.
इसरलो आमी त्याले.’
मी वही मिटायला लागले.
त्यानं माझं मनगट धरलं.
‘छाप हे, पोरी. माह्यं नाव टाकूनच छाप.’

शिवणकर पेपरवाले घरी आले,
मोबाइलवर मथळा आधीच तयार:
‘रणगाड्यापुढे एकटा ठाकलेला सुपुत्र’.
म्हटलं, रणगाडा नव्हता. पातेलं होतं.
म्हणाले, पातेलं कोण वाचतं, ताई?
मी पेटी उघडली.
चार तुकडे चटईवर जुळवून ठेवले.
म्हटलं, हेही कोणीतरी
न विचारताच लिहिलं होतं.

पंखा फिरत होता, तुकडे हलत होते.
शिवणकरांनी त्यांवर आपला चष्मा ठेवला, वजन म्हणून,
आणि डोळे बारीक करून
मथळा खोडला.
मग विचारलं, म्हाताऱ्याचा पत्ता द्या,
मी स्वतः जाऊन येतो.

आज आलंय. पान सहा,
तलावाच्या मासेमारीच्या लिलावाखाली,
अकरा ओळी.
पळाला नव्हता. कळवलं नव्हतं.
चहाचं पातेलंही आहे.

जुनं कात्रण मी फेकलं नाही.
त्याच्यावरच हे ठेवलं,
पुढे कोणी शोधत आलं तर दोन्ही हाती लागावीत.

‘लांगरी’ची वेलांटी मात्र ऱ्हस्व पडलीय.
तेवढी मी पेनानं दुरुस्त केली.