रनिंग मीटर

डिसेंबर लागला की आमच्या रस्त्यांच्या कडांना
काळा-पिवळा रंग येतो.
अधिवेशन दहा दिवसांचं, कधी सहाच.
रंग विधानभवनापाशी सुरू होतो
आणि मंत्र्यांच्या गाड्या जिथे वळतात तिथेच संपतो,
अगदी इंचावर.
तिथून पुढे शहर आपल्याच रंगाचं.

मी महालेखाकारांच्या कार्यालयातून निवृत्त.
एकतीस वर्षं हिरव्या शाईनं आक्षेप लिहिले.
‘सदर खर्चाचे समर्थन आढळून येत नाही.’
हे वाक्य हाताला इतकं पाठ
की एकदा बायकोच्या किराण्याच्या यादीखालीही
लिहून बसलो.
दोन दिवस घरात वरण झालं नाही.

सकाळी साडेसहाला, सदरच्या चौकात,
शेवंताबाईच्या ठेल्यावर, तर्रीच्या वाफेत
आमचं सभागृह भरतं.
बावणे उड्डाणपुलांच्या बाजूचा.
नखाते विरोधी, सरकार कोणाचंही असो.
“काहून बे, पूल नाही पायजे का तुले?
सिग्नलवर म्हातारा होशीन.”
“मी खालूनच जातो ना. थो खर्चच माह्या डोक्यावरून जाते.”

मी आकडे टाकतो. मला आकडेच येतात.
गालिचे इतक्याचे, मंडप इतक्याचा,
आमदार निवासातल्या गाद्या नव्या.
मागच्या वर्षीच्या कुठे गेल्या?
वर्षातून पाच रात्री झोपतं माणूस एका गादीवर,
रात्रीचा भाव काढा.
नखाते काढतो, तर्रीत बोट बुडवून, टेबलाच्या पत्र्यावर.
आकडा लाल दिसतो. सगळे हळहळतात.
नेहमीसारखं बरं वाटतं.

त्या दिवशी फुटपाथपाशी एक माणूस
उकिडवा बसून पिवळा पट्टा ओढत होता.
ऐकत असावा. ब्रश डब्यावर आडवा ठेवून म्हणाला,
“बंद करा म्हना ना साहेब. पन जानेवारीत सांगजा जी.
पोरीची फी भरनं होऊ द्या.”

गुणवंत हेडाऊ. घर नाईक तलावाकडे.
बाप साड्यांचे काठ विणायचा,
मागाच्या खड्ड्यात आता गॅसची टाकी राहते.

काय पडतं रोजचं?
“पाचशे. कधी साडेचारशेच देते ठेकेदार.”
दिवसभरात किती होतो?
“मोजत नाही ना जी. अंधार पडेस्तोवर.”

मी मोजलं.
पावलांनी, या खांबापासून त्या खांबापर्यंत.
दर मला पाठ होता:
रनिंग मीटरला इतका, दोन हात, घासून, प्रायमरसहित.
त्याच्याकडे प्रायमर नव्हता. घासायला काही नव्हतं.
मागच्या वर्षीच्या पिवळ्यावर धूळ होती,
धुळीवर यंदाचा पिवळा.
दर आणि त्याचे पाचशे यांच्या मधे
एखादा पूल सहज मावला असता.

एकतीस वर्षं मी हाच कागद तपासला.
मोजमाप वही, बिल, पावती, तिन्ही जुळायचे.
जुळले की हिरवी खूण.
गुणवंत कुठल्याच रकान्यात नव्हता,
आणि माझा एकही आक्षेप
त्याच्याबद्दल नव्हता.

हे ठेल्यावर सांगितलं तर बावणे म्हणाला,
“म्हंजे तू आता खर्चाच्या बाजूनं?”
नखाते म्हणाला, “चोर पकडला म्हन ना सरळ.”
दोघंही मला आपापल्या बाकावर ओढू लागले.
शेवंताबाई म्हणाली, “चार प्लेटीचे एकशे साठ.
मंगळवारचे बी राह्यले. आधी थे मंजूर करा.”

आम्ही तर तिघं होतो.
चौथी प्लेट पलीकडे, रंगाच्या डब्याच्या झाकणावर,
कांदा वेगळा काढून ठेवलेली.

घरी आल्यावर बायको म्हणाली, पँटीला हे काय?
कुठे टेकलो, आठवेना.
रॉकेलनं घासलं, साबणानं घासलं.
प्रायमर नाही, एकच हात, तोही पातळ केलेला,
आणि तरी निघत नाही.
हे मला अजून जुळवता आलेलं नाही.