जनरल रजिस्टर, पान एकोणीस

शहाद्याहून सव्वासहाची धडगाव एसटी.
पिशवीत डबा, शंभराचा स्टॅम्पपेपर,
रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स.
घाटात गुडघे दुखतात. त्याचं काही नाही.

अठ्ठ्याऐंशी साली मी विचारलं होतं, नाव काय रे?
"जाहाग्या."
मी लिहिलं, जगदीश.
कुणी सांगितलं नव्हतं तसं.
हजेरी घ्यायला सोपं, एवढंच.
जन्मतारीख एक जून. सगळ्यांचीच एक जून,
जणू अख्खा पाडा एकाच सकाळी जन्मला.

पावरीत बोलला की हातावर फूटपट्टी.
मी घरी आईशी अहिराणीत बोलायचो
आणि शाळेच्या फाटकाशी
ती चपलेसारखी काढून ठेवायचो,
हे त्याला कधी सांगितलं नाही.

यंदा त्याचा वनहक्काचा दावा परत आला.
दाखल्यावर जगदीश, रेशनकार्डावर जाहाग्या.
उतारावर चार एकर ज्वारी-भगर पेरणारा माणूस
माझ्या शाईने दोन झालेला.

शहाद्याला घरी आला, ओट्यावर बसला नाही.
चुकलं माझं, मी म्हणालो.
"ते राहू द्या गुरुजी.
तहसीलला येता का? लेखी लागतं."

पहिल्या खेपेला साहेब मीटिंगला.
दुसऱ्या खेपेला लाईट नव्हती.
आज कारकून विचारतो, अर्जदाराशी तुमचं नातं?
"नाव बदलणारा."
त्याने मान वर करून पाहिलं,
आणि लिहिलं: माजी शिक्षक.

तारखेचंही बघू म्हटलं.
त्याची आई टेटलीबाई दाराशी उकिडवी बसलेली,
म्हणाली, मोहाची फुलं सरत आली होती,
टोपली अर्धीच भरली, तशीच उचलून घरी आले.
फॉर्मला आकडा लागतो.
एक जून राहिली.

बाहेर चहा. पैसे त्याने देऊ दिले नाहीत.
"एकदा म्हणा बरं."
जहाग्या, मी म्हटलं.
"जा लांब."
पुन्हा म्हटलं.
"हां, जवळ आलात."

मग झेरॉक्स मांडीवर पसरून
त्याने खालच्या ओळीवर बोट ठेवलं.
सुरेश. अक्षर माझंच.
हा कोण होता, मला आठवेना.
"वरच्या पाड्यावर असतो," तो म्हणाला,
"गाडी जात नाही. दीड तास चालावं लागेल.
पाणी भरून घ्या."