अवांतर

धावपुस्तकात उजवीकडे, अगदी कडेला,
‘बाय’ असं लिहिलेलं असतं
आणि त्याच्यापुढे एक घर.
माझ्या वडिलांची कारकीर्द म्हणजे ते घर, रिकामं.

द्वारकानाथ मोरोबा त्रिलोकेकर, यष्टिरक्षक.
शतकं ठोकणाऱ्यांच्या तसबिरी जिमखान्यात लागल्या.
हे मागच्या रांगेत, उजवीकडून दुसरे;
फोटोवाल्यानं सांगितलं, हात पाठीमागे घ्या.

करंगळी मोडली ती ठाकुरद्वारच्या गल्लीत,
अनामिका पुण्याला, मधलं बोट लीड्सला.
अंगठा दोनदा. दुसऱ्यांदा कुठे, ते आठवत नसे.
रात्री तेल चोळताना आई म्हणायची,
हा हात ज्योतिषाला दाखवला तर
बिचारा घरी जायचा रस्ता चुकेल.

विलायतेत मे महिन्यातही दात वाजत.
मोजे म्हणजे नुसतं पातळ कातडं,
आणि आपल्याच गोलंदाजाचा चेंडू
तळहातात यायचा विटेसारखा.
तिसऱ्या सामन्यानंतर यांना पेला धरवेना.
तेव्हा कपडे बदलायच्या खोलीतला म्हातारा चाकर
कागदाच्या पुडीत एक लाल, ओली चकती घेऊन आला.
मोज्यात घाला, साहेब. इथे सगळेच घालतात.
कसलं मांस, ते यांनी विचारलं नाही.
त्या देशात ते विचारावं लागत नाही.

दुपारपर्यंत वास सुटायचा.
स्लिपमधला पारशी दोन पावलं लांब सरकायचा.
पण बायचं घर रिकामं राहिलं
सामन्यामागून सामना, उरलेला सगळा उन्हाळा.

आगबोट अपोलो बंदराला लागली तेव्हा
हार घेऊन क्लबातली माणसं होती,
आणि यादी घेऊन भटजी.
समुद्र ओलांडलेला. बाणगंगेवर मुंडण, अकरा रुपये दक्षिणा.
काय खाल्लंत? पाव, बटाटे.
काय प्यायलात? चहा.
हातांचं कुणी विचारलं नाही.
मग त्याच हातांच्या ओंजळीत पंचगव्य:
दूध, दही, तूप, गोमूत्र, शेण.
पाचही गाईचं.
सहावं त्यांनी मनात मोजलं असेल तर देव जाणे.

पुढे पोर्ट ट्रस्टच्या गोदामात कारकून झाले,
कापसाच्या गासड्या मोजत.
टाक मुठीत धरून लिहायचे, लहान मुलासारखा.
घरी मात्र चमच्यानं जेवत. वरणभातही. सणालाही.
पाहुणे म्हणत, साहेब अजून विलायतेतच आहेत.
आई म्हणे, बोटं वळत नाहीत हो त्यांची.
पण बोटं वळत होती.
माझी वेणी तेच घालून द्यायचे.

एकदा, मी अकरा वर्षांची असेन,
समुद्राकडच्या मैदानावर आम्ही दोरीबाहेर बसलो होतो,
मांडीवर चण्यांची पुडी.
तंबूतलं कुणी त्यांना ओळखलं नाही,
तेही तिकडे गेले नाहीत.
तिथे त्यांनी मला हे सगळं सांगितलं,
खेळावरची नजर न काढता, चणे सोलत सोलत.

मी विचारलं, गाईचं होतं का हो ते?

बराच वेळ काही बोलले नाहीत.
एक षटक संपलं. बाजू बदलली.
मग म्हणाले, आणि चेंडू गं?
चेंडूचं कातडं कुणाचं असतं?

समोरच्या पोरानं तेवढ्यात एक चेंडू सोडला.
पायांमधून निघून तो थेट आमच्याकडे येऊ लागला,
आणि माझे वडील उठले. चणे सांडले.
गुडघे वाकलेले, दोन्ही हात पुढे,
उघडे.