ठोका

कुपवाडच्या फाउंड्रीत अडीच वर्षं झाली.
मीटिंगला जाताना मी 'हाय' गेटवर ठेवायची,
हेल्मेटशेजारी,
आणि 'आहे' घालून आत जायची.

'मला असं वाटतं की'
एवढं होईपर्यंत बिरनाळे साहेबांचा चहा संपलेला
आणि माझं वाटणं
दुसऱ्याच कुणीतरी मोठ्यानं मांडलेलं.

विश्रामबागच्या सिग्नलला, हेल्मेटच्या आत
घोटत राहायची: न, ण. न, ण.
शेजारचा दूधवाला बघायचा.

फेटलिंगच्या मगदूम मामांना
बोलायला कुणी शिकवलं नाही.
ते केसिंगवर हातोडी टेकवतात, कान देतात.
खणखणली की इकडं.
बद्द वाजली की तिकडं.

मंगळवारी ऐंशी केसिंग गाडीत चढायच्या होत्या.
'ओके करून टाका,' साहेब म्हणाले,
पेन पुढं सरकवलं.
पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना.
आलं ते सरळ आमच्या संखचं, जत तालुक्याचं:
'माल पोकळ हाय सायेब.
मी सही करणार न्हाई.'

कोपऱ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं.
'किती?'
'तेवीस. वाजवून बघा.'

खाली मामांनी हातोडी माझ्याच हातात दिली.
पहिलीच बद्द वाजली.

गाडी रिकामी गेली.
साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत,
तिसऱ्या दिवशी बोलले ते फक्त रजेच्या अर्जाबद्दल.

डबा खाताना मामांना विचारलं,
माझा आवाज कसा वाजला?
मामांनी भाकरी मोडली, जरा वेळ घेतला.
'कापत हुता पोरी.
पर बद्द न्हवता.'